मदत हवी आहे: संतुलक बलाची दिशा नक्की कशी ठरवायची?

नमस्कार. बडोद्याहून लिहिते आहे. भाची अकरावी सायन्सला आहे. शाळा गुजराती माध्यमाची, पण घरी आम्ही मराठीतच बोलतो, म्हणून इथे विचारते. नवरात्रीनंतर लगेच परीक्षा आहे, तेव्हा गरबा सुरू व्हायच्या आत हे पक्कं करून घ्यायचंय.

गणित असं: एका कडीला दोन दोऱ्या बांधल्यात. एक ४० न्यूटनने ओढते, क्ष-अक्षाशी ३० अंशांत. दुसरी ३० न्यूटनने, १२० अंशांत. कडी जागची हलू नये म्हणून तिसरी दोरी किती बलाने आणि कुठल्या दिशेला ओढायची?

पहिल्या बलाचे घटक ३४.६४ आणि २०, दुसऱ्याचे −१५ आणि २५.९८. बेरीज १९.६४ आणि ४५.९८, म्हणून तिसऱ्याचे −१९.६४ आणि −४५.९८. परिमाण ५० न्यूटन. दोन बलांत काटकोनच आहे, त्यामुळे तिथे शंका नाही.

अडतंय दिशेपाशी. टॅन इन्व्हर्स केलं की कॅल्क्युलेटर ६६.८७ दाखवतो, क्लासच्या सरांनी २४६.८७ लिहून दिलंय आणि गाइडमध्ये −११३.१३ छापलंय. "मावशी, एकाच दोरीच्या तीन दिशा कशा?" हा तिचा प्रश्न. "१८० मिळव" एवढंच पाठ करून घेणं मला पटत नाही. कोणी नीट उलगडून सांगाल का?

उत्तर १

ताई, घटक अगदी बरोबर आहेत. टॅन काढताना य-घटकाला क्ष-घटकाने भागतो. उणेला उणेने भागलं की अधिक येतं, आणि बाण कुठल्या बाजूला आहे ही माहिती तिथेच जाते. कॅल्क्युलेटरपर्यंत फक्त २.३४ हा आकडा पोचतो आणि तो −९० ते ९० मधलाच कोन देतो. ६६.८७ ही पहिल्या दोन बलांच्या परिणामी बलाची दिशा आहे. तिसरी दोरी तिकडे ओढली तर कडीवर एकूण १०० न्यूटन बल लागेल!

म्हणून बटण दाबायच्या आधी तिला कागदावर अक्ष काढू द्या. क्ष उणे म्हणजे डावीकडे, य उणे म्हणजे खाली. बाण तिसऱ्या चरणात, आणि डावीकडे कमी, खाली जास्त. ऋण क्ष-अक्षापासून तो ६६.८७ अंश खाली वळलाय, म्हणून १८० + ६६.८७ = २४६.८७. गाइडने तोच बाण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलाय: ३६० − २४६.८७ = ११३.१३, म्हणून उणे चिन्ह. सर आणि गाइड दोघांचंही उत्तर बरोबर.

१८० दर वेळी मिळवायचे नाहीत. क्ष-घटक उणे असेल तरच. सरावाला दुसरी दोरी ३०० अंशांवर घेऊन करायला सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार! तिने केलं. संतुलक बलाचे घटक −४९.६४ आणि ५.९८ आले. कॅल्क्युलेटरने −६.८७ दिलं, पण आधी काढलेला बाण डावीकडे आणि किंचित वर होता, म्हणून तिने १७३.१३ लिहिलं. आता विचारते आहे, क्ष-घटक शून्यच आला तर?

उत्तर १

१७३.१३ बरोबर. क्ष शून्य असेल तर भागाकारच होत नाही, कॅल्क्युलेटर एरर दाखवेल. य अधिक असेल तर ९० अंश, उणे असेल तर २७०.