पट्टी चॅनेलची की केबलची?

टीव्हीच्या पडद्यावर खाली येणाऱ्या जाहिरातीच्या पट्टीची तक्रार कुणाकडे करायची, या प्रश्नावर 'चॅनेलकडेच करा' असं दोघांनी लिहिलंय. चॅनेलची स्वतःची पट्टी असेल तर ठीक, पण आमच्या बेळगावात दरवेळी तसं नसतं. शहापुरातल्या आमच्या घरी मराठी बातम्यांवर गणपत गल्लीतल्या साड्यांच्या सेलची पट्टी सरकायची, कधी कन्नडमधून, कधी मराठीतून. तीच बातमी त्याच वेळी खानापूरला बहिणीकडे डिशवर स्वच्छ दिसायची. म्हणजे पट्टी वाटेत, केबलवाल्याकडे चढत होती. आमच्या बाबांना ऐकू कमी येतं, ते खालच्या ओळी वाचूनच बातमी समजून घेतात, आणि नेमक्या त्याच ओळी झाकल्या जायच्या. मला याचा फार त्रास होतो, कारण त्यांच्यासाठी ती आख्खी बातमीच असते.

नियम मात्र स्पष्ट आहे. १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांतल्या नियम ७(१०) नुसार जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखू यायला हवी, आणि पडद्याच्या खालच्या भागात स्थिर किंवा सरकता मजकूर टाकून कार्यक्रमात अडथळा आणता कामा नये. आम्ही हाच नियम कागदावर लिहून केबलवाल्याच्या ऑफिसात दिला, सोबत दोन्ही घरांतल्या पडद्यांचे फोटो. बातम्यांच्या वेळेपुरती तरी पट्टी थांबली, सिरियलवर अजून येते. तेव्हा आधी दुसऱ्या जोडणीवर तेच चॅनेल लावून बघा, मग तक्रार कुणाकडे न्यायची ते ठरवा.