अर्धा मेंदू तोडल्यावर मूल बोलेल का?

एक प्रश्न आलाय: पाच वर्षांच्या मुलीच्या मेंदूचा डावा गोलार्ध (डावा अर्धा भाग) फिट्समुळे ऑपरेशन करून उरलेल्या मेंदूपासून वेगळा करणार आहेत, तर तिची भाषा जाईल का? या वयात भाषेचा बराच भार मेंदूची उजवी बाजू उचलते. बोलणं सहसा परततं, पण हळूहळू, आणि लांब वाक्यं, वाचन यांत कमतरता राहू शकते. "मेंदू सगळं भरून काढतो" हे निम्मंच खरं आहे, बघा.

चालणं बहुधा येतं. पण डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो, त्यामुळे उजव्या हाताच्या बोटांची बारीक हालचाल फारशी येत नाही. त्या हाताला मदतनीस करा: वही दाबून धरणं, परातीची कड धरणं.

घरच्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे नजर. दोन्ही डोळ्यांचं उजवीकडचं अर्धं दृश्य जातं, ते परत येत नाही. चष्म्याचा उपयोग नाही. मराठी डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणजे पुढचा शब्दच दिसत नाही. ओळीखाली पट्टी ठेवा, बोट शब्दाच्या पुढे सरकवा. वर्गात फळ्याकडे तोंड केल्यावर उजव्या भिंतीकडचा बाक मागा, म्हणजे फळा आणि बाई डावीकडे येतील. कोल्हापूरच्या महाद्वार रोडसारख्या गर्दीत तिच्या उजव्या बाजूला तुम्ही चाला. रस्ता ओलांडताना मान पूर्ण उजवीकडे वळवायची सवय लावा.

डोकेदुखी, उलट्या, सुस्ती एकत्र दिसली तर पित्त म्हणून घरी थांबू नका. मेंदूत पाणी साठलेलं असू शकतं, आणि ते ऑपरेशननंतर काही वर्षांनीही होऊ शकतं. आणि फिट्स थांबल्या म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका.