मदत हवी आहे : मोडीच्या सोन्याची नोंद कशी ठेवावी?

सर्वांना नमस्कार. सोलापुरात आमचे वडिलोपार्जित सराफी दुकान असून, मोडीच्या, म्हणजे ग्राहकांनी विकायला आणलेल्या जुन्या-तुटक्या दागिन्यांच्या, खरेदीसाठी सर्व सभासदांना वापरता येईल असा नोंदीचा एकच नमुना तयार करण्याचे काम स्थानिक सराफ संघटनेने माझ्याकडे सोपवले आहे. निमित्त माझ्याच अनुभवाचे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एका गृहस्थांनी बोरमाळेचे तुटके मणी आणले. आधारची प्रत घेतली, मण्यांतली लाख काढून वजन केले आणि दुसऱ्या दिवशी सोने आटवले. तीन महिन्यांनी परजिल्ह्यातील पोलिसांनी माल चोरीचा असल्याचे सांगून तेवढेच सोने जमा करावयास लावले. पावती कोणी पाहिलीही नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे, माल चोरीचा आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानण्यास कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेतला तरच गुन्हा होतो. परंतु जुन्या दागिन्यांवर एचयूआयडी (हॉलमार्कसोबत कोरलेला प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नसतो आणि मूळ मालक ओळखण्याचा मार्गही आमच्यापाशी नसतो.

आपल्या गावच्या संघटनेने विक्रेत्याचे हमीपत्र, दागिन्याचे छायाचित्र आणि बँकेमार्फतच रक्कम देणे सक्तीचे केले आहे काय? आटवण्यापूर्वी माल किती दिवस तसाच ठेवता? छोट्या दुकानदाराला भांडवल अडकवणे परवडत नाही, हेही ध्यानात घ्यावे. नमुना असल्यास कृपया पाठवावा.