आजोबांचं प्रूफ नाणं झिजलंय, ठेवू की विकू?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. 1969 ला गांधी शताब्दीची नाणी निघाली तेव्हा आजोबांनी प्रूफ सेट, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांचा संच, मागवला होता असं घरात सांगतात. खोकं गेलं, बाकीची नाणी गेली, दहा रुपयाचं चांदीचं तेवढं उरलंय, कारण आजीने ते पूजेला काढलं. दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या तबकात हळद-कुंकू लागायचं, आणि चवथीच्या आधी समया-तांबे घासायला काढले की त्याबरोबर हेपण चिंच-मीठ लावून घासायचे, असं पन्नासेक वर्षं चाललं. आता गांधीजींचा गाल आणि कान गुळगुळीत झालाय, आजूबाजूचा भाग आरशासारखा होता म्हणतात तिथे तिरकं धरून बघितलं तर नुसते ओरखडे. वर्षांजवळचं ‘बी’ अक्षर मात्र स्पष्ट दिसतं. ऑनलाइन एकाने फोटो बघून लाखाच्या वर देतो म्हणून सांगितलं, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा म्हणतो. घरात छपराचं काम निघालंय म्हणून विचारतोय, नाहीतर विषय काढला नसता.

मडगावची नाणी
डिचोलीकरबाब, पहिलं म्हणजे त्या माणसाला एक पैसा पाठवू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये ह्याच प्रकाराबद्दल लोकांना सावध केलं होतं. खरा घेणारा नाणं हातात घेऊन बघतो आणि पैसे तो देतो, तुमच्याकडून घेत नाही.

आता नाण्याचं. ‘बी’ असेल तर ते मुंबई टांकसाळीचं प्रूफच, कितीही झिजलं तरी प्रूफच म्हणायचं, कारण प्रूफ म्हणजे नाणं पाडायची पद्धत, साचा आणि चकती दोन्ही घासून लखलखीत करतात आणि ठसा एकापेक्षा जास्त वेळा मारतात म्हणून चित्र ठळक उठतं आणि मागचा भाग आरसा होतो. पण लोक पैसे मोजतात ते त्या आरशाचे. तो गेला की ग्रेडिंगवाले, म्हणजे नाण्याची अवस्था बघून 70 पैकी आकडा देणारे, 60 च्या खालचा आकडा देतात, इम्पेअर्ड (बिघडलेलं) प्रूफ म्हणतात, आणि त्यात घासलेलं असेल तर भाव आणखी पडतो. न वापरलेलं चकचकीत साधं नाणं कधीकधी ह्याच्यापेक्षा जास्त देऊन जातं. वाईट वाटतं लिहायला, पण खोटी आशा लावणं बरं नव्हे.

तरी तुमचं चांदीचं आहे हे नशीब. मूळ वजन 15 ग्रॅम, त्यात 80 टक्के चांदी, म्हणजे शुद्ध 12 ग्रॅम. त्या दिवसाचा दर धरून हिशेब करा, त्याच्या खाली कोणालाच देऊ नका. ‘बी’ मुळे एखादा संग्राहक वर थोडे देईल. सेटमधलं गिलटाचं नाणं असं झिजून आलं असतं तर मी सरळ नातवंडांना द्या म्हटलं असतं.

सांगेकर
मध्येच विचारतो, आमच्याकडे पोर्तुगीज वेळचं एक नाणं आहे त्यावर ‘प्रोव्हा’ असं उठवलंय, ते पण प्रूफ का?

मडगावची नाणी
नाही हो, शब्द सारखा वाटतो एवढंच. प्रोव्हा म्हणजे नमुन्याचं नाणं, त्याला आरसा असेलच असं नाही. बाजारात फिरायला ते काढलेलंच नव्हतं, त्यामुळे संख्या कमी. घासू नका, जाणकाराला दाखवल्याशिवाय अजिबात देऊ नका.

पणजीवाली
मी विकू नका म्हणेन. 12 ग्रॅम चांदीत छपराची किती कौलं येतील? अशी दहा-पंधरा नाणी असती तर गोष्ट वेगळी होती. आणि ठेवणार असाल तर मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, आपल्याकडे पावसात त्या पाकिटाला चिकट हिरवट पाणी सुटतं आणि ते नाण्याला खातं. माझ्या वडिलांची चार नाणी अशीच गेली, अजून जीव हळहळतो. कडक प्लास्टिकची गोल डबी मिळते ती घ्या, कडेला धरून उचला, बोटं चित्रावर टेकवू नका.

डिचोलीकर
सगळ्यांचे आभार. त्या माणसाचा नंबर ब्लॉक केला. आज ओळखीच्या सोनाराकडे काटा केला तर 14.6 ग्रॅम भरलं, म्हणजे एवढ्या वर्षांत जवळजवळ अर्धा ग्रॅम चिंचेत गेला. आईला विकण्याचं विचारलं तर ती काही बोलली नाही, नाणं पदराला पुसायला गेली तेवढ्यात मी हात धरला. ठेवतोय. कडेच्या दात्यांत हळद बसलीय, ती काढू की तशीच राहू दे?

मडगावची नाणी
राहू दे.