पिरॅमिड खरंच माणसांनीच बांधले ना?

नाईलकाठ: गिझाचा मोठा पिरॅमिड एलियन्सनी बांधला असे व्हिडिओ सारखे येतायत, काही पुरावा आहे का हो?

दगडफोड्या: काडीचाही नाही. उलट 2013 मध्ये इजिप्तच्या लाल समुद्रकाठी वादी अल-जर्फला मेरेर नावाच्या मुकादमाची पपायरसवरची रोजनिशी सापडली, हा पिरॅमिड बांधवून घेणाऱ्या खुफू राजाच्याच काळातली, तुराच्या खाणीतले चुनखडीचे दगड नावेत भरून गिझाला कसे नेले ते लिहिलंय त्यात.

भटकभवानी: आणि इजिप्तमधलाच, गिझाच्या आधीचा दहशूरचा वाकडा पिरॅमिड बघा ना, खाली साधारण 54 अंशांचा चढ, वर एकदम 43, म्हणजे माणसं चुकतमाकत शिकत होती.

दगडफोड्या: गिझालाच मजुरांच्या कबरी आहेत, मणके झिजलेले, मोडलेले हात नीट बसवून जुळलेले. त्यांचं श्रेय असं कोणालाही देऊन टाकतात याचा खरंच राग येतो.