पहिली लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल कोणती घ्यावी? (बजेट ४०० डॉलर, टॅक्स धरून)

सस्केहानाकाठी
नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात, यॉर्कच्या बाजूला राहतो. ग्रीन कार्ड आहे त्यामुळे कागदपत्रांची भानगड नाही. ऑफिसातल्या एकाचं शेत आहे, गेली दोन वर्षं तिथे जाऊन त्याच्याच रायफलीने डबे पाडतोय आणि आता दर शनिवारी उसनी मागायची लाज वाटायला लागलीय. लिव्हरचीच हवी, म्हणजे चापाखालची दांडी खाली-वर केली की पुढचं काडतूस चढतं ती, आणि .२२ लाँग रायफल या बारक्या काडतुसाची. का ते विचारू नका, लहानपणी व्हीसीआर भाड्याने आणून काऊबॉयचे पिक्चर बघितले ते अजून डोक्यातून गेलेले नाहीत. कामं दोनच, डबे पाडणे आणि सप्टेंबरात सीझन उघडला की खारी, जमलंच तर ससा. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय. बजेट ४००, एक डॉलर वर नाही, घरी तसं कबूल करून बसलोय. बायकोही चालवणार, तिची उंची पाच फूट एक इंच. सुचवा.

टेक्ससचा_नाना
डोळे मिटून मार्लिन ३९ए घे. १८९१ पासूनची घराणेदार चीज आहे, अ‍ॅनी ओकली मार्लिन वापरायची. सगळं घडीव पोलाद. बाजूचा एक मोठा स्क्रू नाण्याने फिरवला की बंदुकीचे दोन तुकडे, साफ करायला नळीत मागच्या बाजूने गज जातो. मी २००९ ला एका म्हातारीच्या गराज सेलमध्ये घेतली, नळी आतून आरशासारखी. तेव्हा कवडीमोलाने मिळाली, आता विकणार नाही.

सस्केहानाकाठी
नाना, आत्ता बघितलं, जुन्या मार्लिनला पण लोक आठशे-नऊशे मागतायत.

टेक्ससचा_नाना
मग थांब थोडं आणि साठव. बंदूक माणूस एकदाच घेतो.

जर्सीकर
(एकदाच घेतो म्हणे. नानांकडे अकरा आहेत, मागच्या धाग्यावर स्वतःच सांगितलंय.)
तुझ्या बजेटात सरळ उत्तर एकच, हेन्री एच००१. सव्वापाच पौंड, लाँग रायफलची १५ काडतुसं मावतात, त्याहून आखूड .२२ शॉर्ट २१. वरचं काळं कव्हर झिंकच्या मिश्रधातूचं आहे, त्यावरून पोलादवाले नाक मुरडतात, पण .२२ ला जोर असतो किती? लिव्हर मात्र लोण्यासारखी चालते. बाकी तुम्ही पेनसिल्व्हेनियावाले सुखी आहात राव, दुकानात गेलं, खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरला, बॅकग्राउंड चेक झाला की बंदूक घेऊन घरी. आमच्याकडे साधी .२२ घ्यायची तरी आधी पोलिसांकडून फायरआर्म्स आयडी कार्ड काढा, बोटांचे ठसे द्या, ओळखीतले दोघं रेफरन्सला द्या. मी ज्यांची नावं दिली त्यातल्या एकाच्या बायकोने महिनाभर माझ्या बायकोशी बोलणं टाकलं होतं, काय समजली होती देव जाणे.

रानपाखरू
खार मारणार? सेतू बांधताना वाळू वाहिली म्हणून रामाने जिच्या पाठीवरून बोटं फिरवली ती खार? डबे पाडा की हवे तेवढे, जीव का घेताय?

मालवणी_खाजा
ताई, त्या बोटांचे पट्टे आपल्याकडच्या खारीला, इकडची करडी खार बिनपट्ट्याची असते :) आणि इकडचे लोक पिढ्यानपिढ्या खातात. मी एकदा मित्राकडे खाल्ली, आमचा मालवणी मसाला लावून सुकं केलं होतं. सशासारखी लागते पण चिवट, आधी कुकरला लावायला हवी. फक्त सोलताना केस मांसाला चिकटले की मग निघत नाहीत, आधी अंग ओलं करून घ्यायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.
अवांतर: आमच्या आजोबांकडे ठासणीची होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुकरांपेक्षा निवडणुकाच जास्त आल्या, आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा.

रानपाखरू
शी. मी हा धागा पुन्हा उघडणार नाही.

हेमंत_ऋतू
लिव्हर कशाला? रुगर १०/२२ घे. १९६४ पासून निघतेय, दहा काडतुसांचं मॅगझिन खट्कन लागतं, चाप ओढत राहा. तुमच्या राज्यात २०१७ पासून स्मॉल गेमला, म्हणजे खार-सशाला, अशी सेमी-ऑटोही चालते. चारशेच्या आत येते आणि वर स्कोपला पैसे उरतात.

सस्केहानाकाठी
लिव्हरचीच हवी असं वर लिहिलंय.

हेमंत_ऋतू
वाचलं. तरी १०/२२ घे.

मिशिगनची_माई
मला एक सांगायचंय आणि ते ब्रँडचं नाही. नळीखालच्या ट्यूबमध्ये काडतुसं भरायची बंदूक असली की "रिकामी झाली" यावर कधी विश्वास ठेवू नका. आधी आतली पितळी ट्यूब बाहेर ओढायची, तोंड खाली करून काडतुसं ओतायची, मग नेम सुरक्षित दिशेला ठेवून लिव्हर चार-पाच वेळा पूर्ण चालवायची आणि चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं, अंधार असेल तर करंगळी घालायची. मी पहिल्या वर्षी ट्यूब रिकामी केली, लिव्हर एकदाच मारली, एक काडतूस बाहेर पडलं, झालं म्हटलं. दुसरं लिफ्टरवर, म्हणजे काडतूस चेंबरकडे उचलणाऱ्या पट्टीवर, बसलं होतं, ते त्याच झटक्याने वर गेलं. घोडा "उतरवायला" म्हणून चाप ओढला आणि बार झाला. नळी मातीच्या ढिगाकडे होती म्हणून आज हे लिहितेय. रेंजवरचा म्हातारा काहीच बोलला नाही, फक्त कानावरचे मफ काढून माझ्याकडे बघत राहिला, ते शिव्यांपेक्षा वाईट.
दुसरं, तुमच्या मिसेसना खांद्याला टेकणारा चौदा इंचांचा दस्ता लांब पडेल. हेन्रीची यूथ येते त्याचा तेरा इंच आहे, नळी पण आखूड. माझी उंची तेवढीच आहे, मी तीच वापरते.

कॉफी_घाट
माईंना +१. आणि लिव्हर गोंजारायची नाही. पूर्ण खाली, पूर्ण वर. नवशिके अर्ध्यातून परत आणतात, काडतूस अडकतं आणि मग कंपनीला शिव्या घालतात.
ती पितळी ट्यूब जपा. माझ्या हातून थंडीत काँक्रीटवर पडली, बघितलं तर काही दिसत नव्हतं, पण आत सारताना मध्येच अडायला लागली. टेबलावर लोळवून बघितल्यावर पोक कळला. नवी ट्यूब येईपर्यंत महिनाभर एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकत बसलो.

जर्सीकर
म्हणजे हेन्रीच. मी पहिल्यांदा सांगितलं.

ब्राऊनिंगभक्त
हेन्री ठीक आहे, पण एकदा ब्राऊनिंग बीएल-२२ हातात धरून बघा. जपानमध्ये मिरोकू बनवते. लिव्हर फक्त ३३ अंश फिरते, मनगट हलवलं की काम झालं, आणि चाप लिव्हरबरोबरच खाली येतो त्यामुळे बोट चिमटत नाही. लहान हातांना उत्तम. सातशेच्या वर जाते, पण क्वालिटी.

सस्केहानाकाठी
चारशे.

ब्राऊनिंगभक्त
हप्त्याने देतात काही दुकानं.

एचवन_एकाकी
मध्येच विचारतो, एच-१ वर घेता येते का? सगळे नाही म्हणतात.

जर्सीकर
सगळे अर्धवट सांगतात. नॉन-इमिग्रंट व्हिसावर फेडरल कायद्याने बंदी आहे, पण एक अपवाद आहे, कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. फॉर्म ४४७३ वर तो प्रश्नच आहे. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, बंदूक जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा. वर तुमच्या राज्याचे नियम वेगळे. पुढे ग्रीन कार्डाची फाईल जायची असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, इथल्या काका लोकांना विचारून नको, मलाही नको.

बे_एरियाचा_बाब्या
आमच्याकडे तर २०१९ च्या जुलैपासून शिकारीला शिशाची गोळीच बंद. बिनशिशाची .२२ शोधा, मिळाली तर भाव बघा आणि घरी या. पण गंमत अशी की दहाच्या वरची मॅगझिनं बंद असली तरी लिव्हरची ट्यूब त्यातून सुटते. कायदा करताना कोणीतरी काऊबॉय पिक्चर बघणारा बसला असणार.

करवीरवासी
.२२ म्हणजे तुम्ही लोक डबे पाडायचं खेळणं समजता. आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनला (पालथं झोपून नेम) जागतिक सुवर्ण आणलं आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिक ब्राँझ, दोन्ही .२२ नेच. भारी बंदुकीने नेम लागत नसतो. श्वास सोडून मध्ये थांबायला शिका.

टेक्ससचा_नाना
अभिमान आहेच. पण त्यांच्याकडे लिव्हर नव्हती.

पैलवान_ओहायो
.२२ चा काही उपयोग नाही, उद्या हरीण समोर आलं तर? .३५७ मॅग्नमची रॉसी आर९२ घ्या, त्यात .३८ स्पेशल काडतूसही चालतं, एका बंदुकीत दोन कामं.

कॉफी_घाट
.३५७ ने खार मारली तर शेपूट तेवढं हातात येईल. आणि काडतूस पन्नास सेंटच्या पुढे, .२२ दहा सेंटच्या आत-बाहेर. शनिवारी तीनशे उडवले की गणित करा. ह्याला खार मारायचीय, दरोडा घालायचा नाही. शिवाय तो म्हणतोय चारशे, तुम्ही सगळे सातशेच्या खाली उतरायला तयार नाही.
सस्केहाना, खारीला डोक्यातच मार, अंगात हॉलो-पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली, आत फुलणारी गोळी, बसली तर खायला उरत नाही. आणि झाडावर आकाशाच्या बाजूला असलेल्या खारीवर नेम धरू नकोस. खोक्यावर छापलेलं असतं, दीड मैलापर्यंत धोका. खोडाला चिकटलेली असेल तेव्हाच. तुमच्याकडे शिकारीत इतरांना दिसावं म्हणून अंगावर नारिंगी कपडा २५० चौरस इंच लागतो, टोपी आणि जॅकेट दोन्ही घाल.

माणिकमोती
हेन्री गोल्डन बॉय बघितली का कोणी? पितळी दिसते, अष्टकोनी नळी, घासूनपुसून ठेवलेल्या समईसारखी. आमच्या ह्यांनी घेतली. पावणेसात पौंड आहे म्हणून दिवाणखान्यात लटकवलीय.

स्वस्तात_मस्त
रॉसी रिओ ब्राव्हो पण आहे, तीनशेच्या आसपास.

टेक्ससचा_नाना
ब्राझीलची? काळं प्लॅस्टिक लावून पण येते ती? लिव्हर बंदुकीला प्लॅस्टिक म्हणजे पैठणीला झिप. नाव काढू नका.

जर्सीकर
ह्या एका बाबतीत नानांशी सहमत. विकायला गेलास तर कोणी विचारणार नाही. हेन्री.

मिशिगनची_माई
यूथ हेन्री.

ब्राऊनिंगभक्त
हप्ते.

सस्केहानाकाठी
मंडळी, घेतली. बसून बोला. रिओ ब्राव्हो, काळं प्लॅस्टिकवाली.
झालं असं की शुक्रवारी दुकानात गेलो, हेन्री घ्यायचीच म्हणून. हातात घेतली, सुंदर, लिव्हर खरंच लोण्यासारखी, जर्सीकर खोटं बोलत नाहीत. खांद्याला लावली आणि मागची साइट कुठाय तेच कळेना. वय ४७, चष्मा प्रोग्रेसिव्ह, पुढची माशी दिसते तेव्हा मागची खाच धुरकट, मान वर केली की उलटं. मित्राच्या रायफलीवर स्कोप आहे म्हणून दोन वर्षं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. इथे सव्वीस-सत्तावीस उत्तरं आली, डोळ्यांचं कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नव्हतं म्हणा. काऊंटरवरच्या पोराने मग ही काढून दिली, साइटला फायबरचे रंगीत ठिपके आहेत, लांबून चटकन दिसतात. स्कोप लावायचा नाही, पिक्चरमध्ये कोणी लावत नाही. बायकोला दस्ता जरा लांब पडतो, माई बरोबर होत्या, पण ती म्हणाली मी कोपर वाकवीन, तू पैसे वाचव. टॅक्स धरून बजेटात बसली, उरल्या पैशात पाचशे काडतुसांची ब्रिक आणि तिच्यासाठी कानाचे मफ.
शनिवारी पंचवीस यार्डांवर टोमॅटोचे दहा डबे मांडले होते. तिने सात पाडले. मी किती ते लिहीत नाही.

टेक्ससचा_नाना
मार्लिनने दहा पाडले असते.

जर्सीकर
अभिनंदन. हेन्रीवर स्कोप बसतो, खोबणी असते वर. असो.

सस्केहानाकाठी
माहितीय. रिकामी करताना माईंचं ऐकलं, करंगळी घालून बघितली, काळी झाली.
आता एक विचारायचंय. शेतावर एकजण अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या बाणाच्या नळ्या कापून त्यात पंधरा-पंधरा काडतुसं भरून आणतो, ट्यूबच्या तोंडाला लावली की सरसर आत. माझ्याकडच्या नळीत काडतुसाची कड अडकते. कुठल्या मापाचा बाण लागतो?

कॉफी_घाट
नळी घेऊन दुकानात जा आणि एक काडतूस टाकून बघ, अंदाजाने मागवू नकोस. मी मागवल्या होत्या, आता त्यात बायको अगरबत्त्या ठेवते.