आवाज फुटतोय, पल्ला कसा मोजायचा?

पेटीवाली, सांगली
घरी गाणं शिकवते, सतरा मुलं. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला पेटीवर आकार (लांब 'आ') लावायला लावते आणि खालचा-वरचा शेवटचा सूर वहीत टिपते. एका मुलापाशी अडलेय. दिवाळीत, तेराव्या वर्षी, काळी 4 ला (सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला) सा धरून मंद्र (खालच्या सप्तकातल्या) नीपासून तार (वरच्या सप्तकातल्या) मपर्यंत मोकळा जायचा. आता तार सा लावायला गेला की चिरकतो. कसाबसा कोमल नीपर्यंत पोचतो. खाली मात्र मंद्र म लागतो, तोही भरदार. तोंडावर प्रवेशिकेची परीक्षा, आणि वडील वही बघून म्हणाले, "बाई, हा मागे गेला की हो." काय सांगू त्यांना?

खर्ज-नर
ताई, मागे नाही, खाली गेला. या वयात मुलांचे स्वरतंतू लांब-जाड होतात, आवाज साधारण सप्तकभर उतरतो. घोळ वहीत आहे (राग नको). मंद्र म, तार म ही नावं सा बदलला की बदलतात. उद्या पट्टी उतरवलीत, म्हणजे सा खाली घेतलात, तर जुनी नोंद नव्याशी जुळणार कशी? पेटीची पट्टी आणि सप्तक लिहा. मोजताना कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही वाजवणारी सोय) काढा, खर्ज (खालच्या सप्तकाचे सूर) बंद, फक्त नर (मधले सूर) चालू. नाहीतर पोरगं खालच्या सप्तकात गातं आणि आपल्याला वाटतं, जुळलं. मी वर्षभर फसलोय.

रियाजी
दोन नोंदी करा: सहज लागतो तो सूर, आणि ओढून लागतो तो. शिकवायचं सहजच्या आतच. वेळही तीच ठेवा, झोपेतून उठल्यावर आवाज खाली असतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सूरच, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला तर मात्र कान-नाक-घशाचे डॉक्टर.

आता_तबलजी
माझ्या वेळी काळी 4 सोडायची नाही असा हुकूम होता. सहा महिने शिरा ताणून गायलो, मग कंटाळून तबल्याला बसलो. पट्टी उतरवा हो.

पेटीवाली, सांगली
कपलर लावलेलाच होता! काढून परत मोजलं, दिवाळीचं फोनवरचं रेकॉर्डिंगही ताडून पाहिलं. तेव्हा पांढरी 5 ते वरची काळी 1, म्हणजे 19 पट्ट्या. आता खालची काळी 1 ते वरची काळी 3, म्हणजे 18. एकच कमी! आज पांढरी 3 ला सा दिला, भूप राग गायला. वडिलांनी विचारलं, परीक्षेत पट्टी बदललेली चालते का? चालते, म्हटलं.